कोल्हापुरातील न्यूरोडायव्हर्जंट (मेंदूची घडण वेगळी असलेल्या) किशोरांचा चित्रमेळावा: स्पर्धा नको, मग काय हवे?

संध्यामठ

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचे निदान झाले. तो बोलतो, पण अनोळखी माणसांपुढे त्याचे शब्द आटतात. चित्रे मात्र तो रोज काढतो आणि ती बहुतेक कौलारू छपरांची असतात. शिवाजी पेठेतील आमच्या गच्चीवरून जुन्या घरांची जी छपरे दिसतात, त्यांतले एकेक कौल तो मोजून कागदावर उतरवतो. एखादे कौल फुटके असेल तर कागदावरही ते त्याच जागी फुटकेच येते.

गेल्या वर्षी मी त्याला शहरातील एका चित्रकला स्पर्धेला नेले होते. मोठे सभागृह, दोनशेच्या आसपास मुले, ध्वनिक्षेपकावरून सतत सूचना आणि ‘माझा आवडता सण’ हा विषय. पंधरा मिनिटांतच तो कान दाबून बाकाखाली जाऊन बसला. एका कार्यकर्त्याने मायेनेच, पण न विचारता, त्याला दंडाला धरून बाहेर काढले, तेव्हा तो किंचाळला. इथपर्यंतचे मी समजू शकते, कारण त्यांना कुणी काही सांगितलेले नव्हते. पुढे जे झाले ते मला अजून पचलेले नाही. बक्षीस समारंभात त्याला व्यासपीठावर बोलावून उत्तेजनार्थ प्रमाणपत्र दिले गेले, टाळ्या झाल्या, छायाचित्र काढले गेले. त्याचा कागद कोरा होता. घरी आल्यावर त्याने प्रमाणपत्राचे तुकडे केले आणि म्हणाला, “मी काढलं नव्हतं.”

त्यानंतर आम्ही सहा कुटुंबांनी एकत्र येऊन दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा ते बारा, राजारामपुरीत ओळखीच्या एका गृहस्थांच्या शिकवणीच्या खोल्यांमध्ये मेळावा भरवायला सुरुवात केली. आता तेरा ते अठरा वयोगटातील अकरा मुले-मुली येतात. कुणाला ऑटिझम आहे, कुणाला एडीएचडी (लक्ष टिकवणे, स्थिर बसणे अवघड जाणे), दोघांना डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण), तर एका मुलीला काय म्हणावे हे अजून कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही. विषय नसतो, क्रमांक नसतात, पाहुणे नसतात. दोन खोल्या आहेत. एकीत साहित्य मांडलेले असते. दुसरीत सतरंजी, पडदे ओढलेले आणि बोलायचे नाही एवढाच नियम. दोन्हींमध्ये केव्हाही ये-जा करता येते.

पाच मेळावे झाले. आता माझ्यापुढे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की तीन मुले येतात, बसतात, पण काहीच करत नाहीत. त्यांच्याबाबत आम्ही काही करावे का? दुसरा असा की काही पालकांना डिसेंबरमध्ये प्रदर्शन भरवायचे आहे. मला त्या व्यासपीठाची आठवण येते आणि धास्ती वाटते. ज्यांना या क्षेत्राची माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जलरंग

ताई, मी बावीस वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली. तुमच्या मुलासारखी मुले माझ्याही वर्गात होती आणि त्यांच्याशी मी चुकीचे वागलो, हे आधी सांगतो. आम्हा कलाशिक्षकांची नजर शासकीय रेखाकला परीक्षांनी घडवलेली असते. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, त्यांतले स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि दहावीला मिळणारे वाढीव गुण. स्मरणचित्रात ‘बाजारातील दृश्य’ असा विषय आला की किमान तीन मानवाकृती हव्यात, असे आम्ही घोकून घेतो. माझ्या एका विद्यार्थ्याने लक्ष्मीपुरीतील धान्याच्या दुकानाचा फक्त तराजू काढला होता, साखळीची प्रत्येक कडी दाखवून. मी त्याला नापास केले. आज तो कागद माझ्याजवळ असता तर मी तो भिंतीवर लावला असता.

आपल्या शहराला कलापूर म्हणतात, ते मोठ्या समारंभांमुळे नव्हे. चित्रकार आबालाल रहमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून परतले आणि १९३१ मध्ये निधन होईपर्यंत इथलीच तळी, घाट आणि झाडे रंगवत राहिले. बाबूराव पेंटर यांनी तर कुठल्याही कलाशाळेचे शिक्षण न घेता चित्रे, शिल्पे, नाटकांचे पडदे आणि चित्रपटाचा कॅमेरा इथपर्यंत मजल मारली. त्यांच्यावर मागाहून कुठलेही वैद्यकीय नाव चिकटवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण आपल्या वेगाने आणि आपल्या पद्धतीने काम करणाऱ्या माणसाला या गावाने जागा दिली होती, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. तीच जागा या मुलांना मिळावी.

एक सूचना आहे. टर्पेंटाइन आणि तैलरंग त्या खोलीत अजिबात आणू नका. वासाने डोके उठते, आणि काही मुलांना तो वास आपल्याहून कितीतरी तीव्र जाणवतो. जलरंग, पोस्टर कलर, कोळसा, मेणखडू एवढे पुरे.

झोपाळा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामे आणि स्पर्श, आवाज अशा संवेदनांशी जुळवून घ्यायला मदत करते. न करणाऱ्या तीन मुलांबद्दल प्रथम लिहिते, कारण माझ्या मते तोच महत्त्वाचा प्रश्न आहे.

‘काहीच करत नाही’ हे आपले निरीक्षण आहे, त्यांचा अनुभव नव्हे. नवीन खोलीतील पंख्याची घरघर, ट्यूबलाइटची थरथर, खाली रस्त्यावरचे हॉर्न, शेजारी बसलेल्याच्या केसांच्या तेलाचा वास, हे सारे आपला मेंदू आपोआप मागे टाकतो. या मुलांपैकी अनेकांचा मेंदू ते तसे मागे टाकत नाही. तेव्हा दोन तास त्या खोलीत बसून राहणे हेच त्या दिवसाचे काम असू शकते. अमेरिकेतील ओकलंड येथे १९७४ पासून क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचा कलास्टुडिओ चालतो, जिथे बौद्धिक आणि इतर अपंगत्व असलेले प्रौढ कलाकार काम करतात. ज्युडिथ स्कॉट ही डाउन सिंड्रोम असलेली आणि ऐकू न येणारी स्त्री तिथे १९८७ मध्ये दाखल झाली. जवळजवळ दोन वर्षे तिने कशातच रस दाखवला नाही. मग एके दिवशी तिच्या हाती धागे आले आणि ती वस्तूंभोवती सूत, लोकर गुंडाळून शिल्पे करू लागली. आज ती शिल्पे जगातील मोठ्या संग्रहालयांत आहेत. प्रत्येक मुलात असा कलाकार दडलेला असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. तिला कुणी त्या दोन वर्षांत घरी पाठवले नाही, एवढेच लक्षात घ्यावे.

क्रम ठरलेला असू द्या आणि तो चित्रांत दाखवा: चप्पल काढणे, जागा निवडणे, काम, पाणी, काम, आवरणे. सहा चौकटींची एक पट्टी दारावर लावा आणि झालेली चौकट झाकत जा. ‘आता थोड्या वेळात संपेल’ या वाक्यातला ‘थोडा वेळ’ या मुलांना फार छळतो. पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला आधीच्या आठवड्यात जिन्याची, खोलीची, स्वच्छतागृहाची छायाचित्रे पाठवा. आवाजरोधक हेडफोन दोन-तीन जादा ठेवा. नोंदणी करताना फिट्स येतात का, हे आवर्जून विचारा, कारण ऑटिझम असलेल्यांमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते आणि काहींना लखलखता प्रकाश घातक ठरतो. म्हणून फ्लॅश वापरून छायाचित्रे नकोत.

एखादे मूल कोसळलेच, रडू-ओरडू लागले, तर तो हट्ट समजू नये. हट्टाला प्रेक्षक लागतो आणि मागणी असते. कोसळण्यात दोन्ही नसतात. बोलणे कमी करा, दिवा मंद करा, इतरांना शांतपणे बाजूला घ्या, विचारल्याशिवाय हात लावू नका आणि वेळ जाऊ द्या. नंतर त्याची उजळणी चारचौघांत करू नका.

आणखी एक. ही लहान मुले नाहीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ‘बाळा, छान छान फूल काढ’ असे म्हणणे तिला खुपते, मग ती ते बोलून दाखवो वा न दाखवो. त्या वयातील शरीराचे बदल, पाळी, एकांताची गरज हे सगळे त्यांनाही आहे. स्वच्छतागृहाला आतून कडी हवी आणि एक स्त्री स्वयंसेवक तिथे कायम असावी.

इचलकरंजीकर

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, एडीएचडी आणि डिस्लेक्सिया दोन्ही. तुमचा उपक्रम चांगला आहे, पण मनातले स्पष्ट विचारतो. इचलकरंजीहून एस.टी.ने येऊन-जाऊन रविवार संपतो. दोन वर्षांनी तो काय करणार, हा प्रश्न माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिथे विषय नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. मग ह्यातून त्याला मिळणार काय? मी यंत्रमागावर काम करणारा माणूस आहे. मला हौस परवडत नाही.

तीन_वाजून_दहा

काका, मी तेवीस वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. निदान विसाव्या वर्षी झाले. तोपर्यंत मी शाळेत ‘विचित्र’, घरी ‘हेकट’ आणि कॉलेजात ‘गर्विष्ठ’ होतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी नोकरीच्या अंगाने देऊ शकणार नाही. मला चौदाव्या वर्षी काय मिळायला हवे होते, ते सांगू शकतो.

मला अशी एक खोली हवी होती जिथे मी हात हलवले तरी कुणी पाहत नाही. दिवसभर शाळेत मी हात खिशात दाबून धरायचो, लोकांच्या डोळ्यांत पाहायचे म्हणून त्यांच्या भुवयांकडे पाहायचो, आणि ते इतके दमवणारे असायचे की घरी आल्यावर मी अंधारात पडून राहायचो. आई म्हणायची, अभ्यास टाळतोय. गणेशोत्सवात मिरवणुकीतील डॉल्बीचा आवाज छातीत शिरायचा तेव्हा मी न्हाणीघरात नळ सोडून बसायचो. या सगळ्यात माझ्यासारखे दुसरे कुणी या शहरात आहे, हे मला ठाऊकच नव्हते. तुमच्या मुलाला तिथे कदाचित पहिल्यांदा असा दुसरा मुलगा भेटेल ज्याला अक्षरे हलताना दिसतात. याची किंमत मला मोजता येत नाही, पण माझ्या बाबतीत ती फार मोठी ठरली असती.

एक विनंती सर्वांनाच आहे. ऑटिस्टिक व्यक्तीसाठी ‘स्वमग्न’ हा शब्द शासकीय कागदांवर आहे, त्यामुळे तो वापरावा लागतो हे मान्य. पण मी स्वतःमध्ये मग्न नसतो. उलट बाहेरचे सगळे एकाच वेळी आत येते आणि त्यातून वाट काढताना मी गप्प होतो. ‘विशेष मुले’ हा शब्दही मला जड वाटतो, कारण तो ऐकताच लोकांचा आवाज बदलतो. मेळाव्यातील मुलांना तुम्ही काय म्हणावे, हे त्यांनाच विचारावे.

आणि संध्यामठ ताई, तुमच्या मुलाने प्रमाणपत्र फाडले ते अगदी योग्य केले.

शाडू

आमचे घराणे कुंभारकामाचे, गल्लीत गणपतीचे काम पिढ्यांपासून. माझी पुतणी या मेळाव्याला येते, म्हणून हा धागा वाचला. मातीबद्दल लिहितो, कारण मागच्या वेळी तुम्ही मुलांपुढे मातीचे गोळे ठेवले होते आणि चार मुलांनी हात मागे घेतले, असे तिने सांगितले.

शाडू कोरडी येते, पोत्यात. रात्रभर भिजवून, तुडवून, ओल्या गोणपाटाखाली ठेवली की कामाची होते. पण ओली शाडू बोटांना चिकटते आणि वाळताना कातडी ओढली गेल्यासारखी वाटते. ज्याला तो स्पर्श सोसत नाही त्याच्यापुढे ओला गोळा ठेवणे चुकीचे आहे. त्यासाठी माती अर्धवट सुकू द्यावी. नखाने रेघ उमटेल पण हाताला लागणार नाही, इतपत कडक झाली की तिच्या वड्या कापून द्याव्यात. त्यावर खिळ्याने, काडीने, जुन्या टूथब्रशच्या मागच्या टोकाने कोरता येते. हात कोरडे राहतात. उलट ज्या मुलांना अंगात फार ऊर्जा आहे त्यांना माती तुडवायला आणि मळायला द्या. आमच्याकडे उन्हाळ्यात येणारी दोन दंगेखोर पोरे त्याच कामाला लागली की तासभर शांत असतात.

आषाढापासून गणपती बसेपर्यंत आमच्याकडे मान वर करायला फुरसत नसते. नवरात्रानंतर मात्र मी दर महिन्याला एक पोते माती भिजवून आणून देईन. पैसे नकोत. मुले आमच्या कामाच्या जागी आली तरी चालेल, पण एकावेळी तिघे-चौघेच, आणि सकाळी आठच्या आत, तेव्हा गल्ली शांत असते.

झोपाळा

शाडू दादा, तुम्ही जे लिहिले तेच मी वर्गात तासभर घेऊन शिकवते. मातीसारखी जड, दाब द्यावा लागणारी कामे अनेक मुलांना शांत करतात, हा आमच्या रोजच्या कामातील अनुभव आहे. ‘सोसत नाही’ आणि ‘आवडत नाही’ यांतला फरकही तुम्ही नेमका धरला आहे.

कोटितीर्थ

मी वकील आहे आणि एका डिस्लेक्सिया असलेल्या मुलीचा बाप आहे. इचलकरंजीकर साहेबांच्या चिंतेसाठी आणि प्रदर्शनाच्या प्रश्नासाठी कायद्याची थोडी माहिती देतो.

१९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ते एकवीस झाले आणि त्यांत ऑटिझम तसेच विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया (लिहिण्यातील अडचण), डिसकॅल्क्युलिया (गणितातील अडचण) आदी, यांचा समावेश झाला. एडीएचडीचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही, ही मोठी उणीव आहे. त्यामुळे तुमच्या मुलाचे प्रमाणपत्र डिस्लेक्सियाच्या आधारे काढावे लागेल. ते काढलेले नसेल तर अठरा पूर्ण होण्याची वाट पाहू नका. यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

याच कायद्याचे कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनाविषयी आहे. दिव्यांग कलावंतांना सुविधा आणि पाठबळ द्यावे, कला सर्वांना अनुभवता येईल अशी करावी, असे त्यात शासनाला सांगितले आहे. म्हणजे एखाद्या कलादालनाकडे शांत वेळ मागणे ही मेहरबानीची याचना नाही, आणि अर्ज करताना तसाच सूर ठेवावा.

प्रदर्शनाबाबत माझे मत अनुकूल आहे, पण तीन गोष्टी लेखी हव्यात. चित्र लावायचे की नाही हे मुलाने ठरवावे, पालकाची सही त्यानंतर. मुलाचा चेहरा, निदान आणि शाळा यांपैकी काहीही फलकावर येऊ नये. चित्र विकले गेले तर पैसा त्या मुलाच्या नावावर जावा. वर उल्लेख झालेल्या ओकलंडच्या स्टुडिओतही चित्र विकले गेले की कलाकाराला त्याचा हिस्सा मिळतो. इचलकरंजीकर साहेब, हे उपजीविकेचे उत्तर नाही, याची मला कल्पना आहे. पण स्वतःच्या हातच्या वस्तूचे पैसे घेणे, पावती फाडणे, गिऱ्हाइकाशी दोन वाक्ये बोलणे, हे सतराव्या वर्षी शिकायलाच हवे आणि ते वर्गात शिकवता येत नाही.

कसबा_बावडा

उद्घाटन, दीपप्रज्वलन आणि भाषणे नकोत, एवढे तरी ठरवून टाका. माझी मुलगी टाळ्यांना घाबरते.

इचलकरंजीकर

वकील साहेबांनी सांगितलेली प्रमाणपत्राची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. त्या पोराने, म्हणजे तीन_वाजून_दहा यांनी, जे लिहिले ते मी काल रात्री मुलाला वाचून दाखवले. त्याला स्वतःला वाचायला वेळ लागतो. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग विचारले की तिथे माती तुडवायला खरेच देतात का. आम्ही पुढच्या रविवारी येतो. सकाळी आठची गाडी मिळाली तर दहापर्यंत पोहोचू. उशीर झाला तर त्याला आत येऊ द्याल ना?

संध्यामठ

दादा, उशीर झाला तरी दार उघडे असते. बाराला दहा मिनिटे कमी असताना आलात तरी चालेल.

सर्वांचे प्रतिसाद मी छापून मेळाव्यात वाचायला ठेवले होते. चित्रांची पट्टी दारावर लागली आहे. ट्यूबलाइट काढून साधे पिवळे दिवे लावले, आणि पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बंद ठेवला, तर दोघांना उकडून त्रास झाला. आता पंखा शांत खोलीत बंद आणि कामाच्या खोलीत चालू असतो. जी तीन मुले काही करत नाहीत त्यांना आम्ही काही सुचवणे थांबवले. त्यांच्यापैकी एका मुलीने मागच्या खेपेस इतरांचे ब्रश धुवून, पुसून, जाडीप्रमाणे ओळीने लावले. यावेळी ती येताच तिने ब्रशांचा डबा मागितला. ते तिचे काम आहे, असे आता सगळे धरून चालतात.

प्रदर्शनाविषयी आम्ही मुलांना चिठ्ठ्या दिल्या. ‘हो’, ‘नको’ आणि ‘अजून सांगता येत नाही’ असे तीन रंग होते. सहा हो, दोन नको, तीन अजून सांगता येत नाही. म्हणून सहाच जणांचे काम लावायचे ठरले आहे, आणि सगळ्यांनाच शेवटच्या दिवसापर्यंत मत बदलता येईल, दोन्ही बाजूंनी. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाचे कलादालन मिळावे यासाठी अर्ज करणार आहोत. अर्जाचा मसुदा कोटितीर्थ यांनी पाहून द्यावा, ही विनंती. रोज सकाळचा पहिला तास शांत राहील, त्या वेळी एकावेळी दहाच माणसे आत. उद्घाटन नाही, भाषण नाही.

जलरंग सर, तुम्हाला एक विचारायचे होते. माझ्या मुलाच्या ‘हो’बरोबर एक अट आहे. त्याला चित्राखाली स्वतःचे नाव नको आहे आणि शीर्षकही नको. त्याऐवजी ‘४१२ कौलं, ३ फुटकी’ एवढेच लिहायचे आहे. प्रदर्शनात असे चालते का?

जलरंग

चालते, ताई. फक्त आकडा त्याच्याच हाताने लिहू द्या आणि कागदाला खाली दोन बोटे जागा सोडायला सांगा, म्हणजे चौकटीत तो झाकला जाणार नाही. चौकटी मी करून आणतो. सहाही चित्रांची मापे मला शनिवारपर्यंत पाठवा.